एपिक्युरसचा वाचनवर्ग, सदाशिव पेठ: फी वसूल, पण ॲरिस्टॉटल घाईत उरकला

सदाशिव पेठेत एका जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी हा वर्ग भरतो. नाव भारदस्त आहे, 'प्राचीन ग्रीकांचा सुखविचार', पण प्रत्यक्षात बहुतेक सगळा एपिक्युरस हा एकच ग्रीक तत्त्वज्ञ आहे आणि माझ्या मते ते बरंच आहे. फी अडीच हजार, झेरॉक्स त्यातच धरलेल्या. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी कसा आहे म्हणून विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे इथे सुविचार वाचत नाहीत, अख्खं पत्र वाचतात. एपिक्युरसचं स्वतःचं लिखाण फार थोडं उरलंय, त्यातली मुख्य म्हणजे तीन पत्रं आणि चाळीस सूत्रं, तीसुद्धा डायोजिनीस लाएर्शियस नावाच्या माणसाने पुढे कधीतरी तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिताना दहाव्या भागात जशीच्या तशी उतरवून ठेवली म्हणून. त्यातलं मेनोसिअसला लिहिलेलं पत्र, म्हणजे सुखाने कसं जगावं यावरचं, छापलं तर जेमतेम चार-पाच पानं होईल, मॅडमनी त्यावर निम्मा कोर्स घातला. आधी ग्रीक वाक्य मोठ्याने वाचतात, मग त्याचं शब्दाला शब्द मराठी सांगतात (ते ऐकायला भयंकर लागतं), मग दोन-तीन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवतात आणि मग आपलं मराठी वाक्य काय करायचं यावर सगळा वर्ग भांडतो. ग्रीक लिपी येत नसली तरी काही अडत नाही, आमच्यातल्या एकालाच येत होती आणि तो फार बोलायचा पण नाही.

भांडणाचा एक नमुना सांगते म्हणजे अंदाज येईल. पत्रात तो म्हणतो की सुख हे ध्येय आहे असं आम्ही म्हणतो तेव्हा ऐषारामी लोकांची सुखं आम्हाला अभिप्रेत नाहीत, सततच्या दारूच्या पार्ट्या नाहीत, आणि पुढे यादीत मासे येतात, मासे आणि श्रीमंती टेबलावरचे बाकीचे पदार्थ. झेरॉक्समधल्या मराठीत तिथे चक्क 'मिष्टान्ने' छापलं होतं! रत्नागिरीचे एक काका लगेच उठले, मूळात मासे आहेत तर मासेच लिहा, पेठेत वर्ग आहे म्हणून श्रीखंड करू नका. त्यावर दुसऱ्या बाई म्हणाल्या पण मग कोकणातला वाचणारा म्हणेल की रोज दुपारी आमटीत पडतात ते मासे, त्यात कसला आलाय ऐषाराम. मग मॅडमनी सांगितलं की तेव्हाच्या अथेन्समध्ये चांगला ताजा मासा ही पैसेवाल्यांची चैन होती, उधळ्या माणसाची टिंगल करायची तर नाटकवाले त्याला मासेबाजारात उभा करायचे. शेवटी 'महागडे मासे' असं ठरलं, काकांना ते 'महागडे' पटलेलं नाही अजून. अर्धा तास गेला यात पण मला विचाराल तर एपिक्युरस नेमकं कशाला नाही म्हणतोय ते मला या अर्ध्या तासात कळलं. त्याच्याच आधीच्या ओळीत भूक लागलेल्याला भाकरी आणि पाणी पराकोटीचं सुख देतात असं आहे, मूळ शब्द सातूच्या पिठाच्या साध्या भाकरीचा, तिथे मात्र कुणाचं काही म्हणणं नव्हतं. आणि हाच माणूस एका मित्राला लिहितो की चीजचं एक भांडं पाठव, वाटलं तर मेजवानी करता येईल. 'खा प्या मजा करा'वाला म्हणून ज्याला दोन हजार वर्षं शिव्या पडल्या त्याची मेजवानी ही.

खरा कस लागला तो तिसऱ्या सूत्राला. सुखाची कमाल मर्यादा म्हणजे सगळं दुःख निघून जाणं, असं तो म्हणतो. म्हणजे दुखायचं थांबलं की त्याच्या पुढे सुख वाढत नाही, फक्त प्रकार बदलतात. आता पुण्यात हे वाक्य उच्चारल्यावर कुणीतरी गीतारहस्य काढणार हे ठरलेलंच, काढलं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलं आणि १९१५ मध्ये छापून आलं त्या ग्रंथात सुखदुःखविवेकाचं आख्खं प्रकरण आहे आणि सुख म्हणजे नुसता दुःखाचा अभाव का, हा प्रश्न त्यात आहेच. मॅडमनी त्याला जोडून भर्तृहरीचा श्लोक काढला, तहान लागली की माणूस गोड पाणी पितो, भूक लागली की भात खातो आणि रोगावरच्या उपायालाच सुख समजून बसतो. आणि मग त्यांनी जे दाखवलं ते मला फार आवडलं, की दोघं बघतायत तीच गोष्ट पण भर्तृहरी त्याला भ्रम म्हणतो आणि एपिक्युरस म्हणतो यातच सगळं आलं, आणखी काय हवं होतं तुम्हाला. सायरीनचा ॲरिस्टिपस म्हणजे सुखालाच ध्येय मानणारा दुसरा ग्रीक, त्याचे अनुयायी तर थट्टाच करायचे की दुखत नाही म्हणून सुखी, तर मग झोपलेला माणूस पण सुखीच की. यावर आमच्या वर्गाचं एकमत झालं नाही, माझं मत सायरीनवाल्यांकडे झुकतंय अजून.

आता तक्रारी. ॲरिस्टॉटलला एकच शनिवार मिळाला आणि तोही पावसाने निम्मा. त्याच्या नीतिशास्त्रात सुखावरचं विवेचन दोन जागी येतं, सातव्या भागात सुख म्हणजे अडथळा नसलेली क्रिया आणि दहाव्यात सुख हे क्रियेला पूर्णत्व देणारं काहीतरी, हे दोन्ही कसं जुळवायचं हा इतका मोठा वाद आणि तो आम्हाला शेवटच्या वीस मिनिटांत सांगून झाला. प्लेटोचा तर उल्लेखच आला फक्त. जाहिरातीत 'ग्रीकांचा' लिहिता तर तेवढं द्या ना, नाहीतर सरळ एपिक्युरस लिहा.

दुसरं, चार्वाक. दर वेळी कुणीतरी 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' म्हणून दोघांना एका माळेत ओवतं आणि मॅडम सौजन्याने सोडून देतात, तिथे थांबवायला हवं. ती ओळ आपल्याला मिळते सर्वदर्शनसंग्रह नावाच्या, वेगवेगळ्या दर्शनांचा आढावा घेणाऱ्या चौदाव्या शतकातल्या ग्रंथात, आणि तीही खंडन करायला बसलेल्या माणसाकडून. एपिक्युरसचं निदान स्वतःचं पत्र तरी हातात आहे! आणि कर्ज काढून तूप हे तर त्याच्या एकदम उलट आहे, उद्याची काळजी लावणारं सुख तो आधीच बाजूला टाकतो.

झेरॉक्सचं मराठीही फार जड आहे, 'निर्विक्षोभावस्था' वगैरे. तोंडी मॅडम इतकं छान 'मनाला घोर नसणं' म्हणतात, तेच का नाही छापत कोण जाणे.

शेवटच्या तासाला बोनस म्हणून इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन गावच्या गुंडाळ्या दाखवल्या. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा तिथल्या एका बंगल्यातल्या पपायरसच्या गुंडाळ्यांचा कोळसा झाला, उघडायला गेलं की चुरा. त्यातली एक न उघडता स्कॅन करून, कॉम्प्युटरला शाई ओळखायला शिकवून तीन पोरांनी तिचा थोडा भाग वाचला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांना बक्षीस जाहीर झालं. निघालं काय तर एपिक्युरसच्याच पंथातल्या कुणाचं तरी, बहुधा फिलोडेमसचं, सुखावरचं लिखाण, आणि त्यात खाण्याचं उदाहरण देऊन प्रश्न असा की जे दुर्मिळ असतं ते मुबलक असलेल्यापेक्षा जास्त सुख देतं असं धरून चालायचं का. मार्चमधला पहिला हापूस आणि मेअखेरचा हापूस यावर मग जे काय सुरू झालं ते जिना उतरेपर्यंत चाललं. नेहमी गप्प बसणारा ग्रीकवाला मुलगा पण बोलला त्या दिवशी, तो पायरीवाला निघाला.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, तेव्हा ल्युक्रेशियस, म्हणजे एपिक्युरसचे विचार कवितेत मांडणारा रोमन कवी, घेणार म्हणाल्यात, मी नाव दिलंय. गाडी आणू नका, पार्किंगच्या नावाने शून्य आहे. लिफ्ट नाही. ऑनलाइन जोडून घेतात पण मागच्या बाकावरचं काही ऐकू येत नाही आणि भांडणं सगळी मागच्याच बाकावर होतात.