गोबर गॅस: एक पावसाळा, एक हिवाळा काढल्यावर

करवीर तालुक्यात आमचं गाव. गोठ्यात तीन म्हशी, एक गाय. गेल्या उन्हाळ्यात परड्यात पिशवीचा बायोगॅस बसवला, म्हणजे बंद पिशवीत शेण कुजतं आणि त्याचा गॅस पाइपातून शेगडीला येतो. संक्रांत झाल्यावर हे लिहायला घेतलं, कारण जो तो विचारतो, "फुकट गॅस मिळतोय म्हणं?"

फुकट काही नाही. सकाळी धारा झाल्या की शेण भरायचं, तेवढंच पाणी घालून हातानं कालवायचं, वैरणीची काडी, खडा वेचून काढायचा आणि मग आत सोडायचं. काडी राहिली की आत साईसारखा थर धरतो आणि गॅस अडतो. हे काम घरात कुणाचं, ते बसवायच्या आधी ठरवा. आमच्यात कुणी ठरवलं नाही, म्हणून ते माझ्याकडं आलं.

25 किलो शेणातून साधारण 1 घनमीटर गॅस निघतो, म्हणजे सिलिंडरच्या गॅसच्या हिशोबात अर्ध्या किलोला थोडा कमी. उन्हाळ्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक आणि पाहुण्यांचे चहा त्यावर आरामात झाले. पाऊस लागला तशी आच मंदावली. आतल्या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपास ऊब मानवते, आणि आमच्याकडं जुलैत ऊन दिसेल तेव्हा खरं. थंडीत कोमट पाण्यात शेण कालवायला लागले, त्यानं थोडा फरक पडला. तरी भाकरीला सिलिंडरच. रश्श्याला मात्र ही मंद आच झकास. आणि शेगडी बायोगॅसचीच घ्या, सिलिंडरच्या शेगडीवर हा गॅस नीट पेटत नाही.

एकदा ज्योत फडफडायला लागली. बसवणाऱ्यांना फोन करून करून कंटाळलो. शेवटी शेजारच्या गावातल्या एका काकूंनी येऊन पाइपाच्या सखल जागेचा कॉक सोडला, वाटीभर पाणी निघालं, आणि ज्योत निळी सरळ. गॅसबरोबर वाफ येते, तिचं पाणी पाइपात साठतं, एवढंच. पण हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या मते खरी कमाई स्लरीची, म्हणजे गॅस निघाल्यावर बाहेर येणाऱ्या पातळ शेणाची. तिला ताज्या शेणाचा वास नाही, माश्या बसत नाहीत. आमचे हे ती पाटाच्या पाण्याबरोबर उसाच्या सरीत सोडतात. यंदा लागणीला युरिया कमी आणला. गॅसचं कौतुक मी करते, स्लरीचं ते.

बहिणीचा मुलगा जर्मनीत असतो. विमानाचं तिकीट काढताना तो कार्बन भरपाईचे, म्हणजे विमानाच्या धुरानं हवा बिघडते त्याच्या बदल्यातले, चार पैसे जास्त भरतो, ते गरीब देशांतल्या चुली, बायोगॅसला जातात म्हणे. "मावशी, पैसे खरंच कामी येतात का?" त्याला म्हटलं, आपली आळी बघ. 1981-82 च्या सरकारी योजनेनंतर इथं बायोगॅसच्या दोन टाक्या झाल्या. एकीचा लोखंडी ड्रम गंजून गेला, दुसरीच्या घुमटावर आता शेणी थापतात. अनुदान बांधण्यापुरतं होतं, नंतर बघायला कुणी नाही. नेपाळात 1992 साली डच मदतीनं कार्यक्रम सुरू झाला. तिथं अनुदान दर्जा तपासून दिलं आणि बांधणाऱ्या कंपन्यांना विक्रीनंतरची सेवा बंधनकारक केली. तिथं 3 लाखांहून जास्त घरांत बायोगॅस बसला. आणि चुलीच्या धुराचं दुखणं काही थोडं नाही: घरातल्या धुरानं 2020 साली जगभरात 32 लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. आमच्या सासूबाईंना खोकला चुलीनंच दिला, असं त्या स्वतः सांगतात. आणि अजून अंघोळीचं पाणी चुलीवरच तापवतात!

तेव्हा त्याला सांगितलं, पैसे भर, पण किती बसवले ते विचारू नकोस. तीन वर्षांनी किती पेटतात आणि बिघडल्यावर कोण येतं, ते छापतात का बघ.

दोनपेक्षा कमी जनावरं असतील किंवा दिवसभर घराला कुलूप असेल, तर घेऊ नका. बाकीच्यांनी घ्या, फक्त पिशवीभोवती आधी कुंपण घाला. आमच्या रेडकानं पहिल्याच आठवड्यात तिच्यावर उडी मारली होती.