दिंडोरी तालुक्यातलं द्राक्षाचं पॅकहाऊस: आमचा २०२४ चा हंगाम

आमची अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग. २०२४ च्या फेब्रुवारीत माल व्यापाऱ्याला न देता पहिल्यांदाच या पॅकहाऊसला, म्हणजे द्राक्षं निवडून, पॅक करून परदेशी पाठवणाऱ्या केंद्राला दिला, युरोपसाठी. घरात धाकधूक होती. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, त्यात सासऱ्यांचे पैसे बुडाले. तेव्हापासून एक्स्पोर्टचं नाव आमच्या ओट्यावर कोणी काढत नव्हतं.

इथल्या माणसांनी आल्याआल्या फवारणीची वही मागितली. कुठलं औषध, कधी मारलं, काढणीला किती दिवस राहिले, एकेक ओळ बघितली. ग्रेपनेटची, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांची सरकारी ऑनलाइन नोंदणी आम्ही कृषी कार्यालयातून केलेली होतीच. प्रयोगशाळेचा माणूस बागेतून नमुना घेऊन गेला, रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा रिपोर्ट पास आला, मगच घडाला कात्री लागली.

तोडणीला टोळी सकाळी साडेसहाला हजर. १८ मिलिमीटरच्या आतले मणी बाजूला. पिवळसर पडलेल्या दोन ओळी सुपरवायझरदादांनी सोडूनच दिल्या, तेव्हा मला रागच आला. त्यांनी समजावलं, "ताई, लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार, दोनेक आठवडे जास्त. जास्त पिकलेला माल तग धरणार नाही." शून्य अंशाच्या कंटेनरमध्ये इतके दिवस देठ हिरवा राहायला हवा, हे मग पटलं. त्या दोन ओळी लोकल बाजारात गेल्या.

मला सगळ्यात आवडला तो हिशेबाचा कागद. पनेट (द्राक्षाची छोटी प्लास्टिकची डबी), पॅलेट (पेट्या रचायची फळी), फायटो (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला), जहाजाचं भाडं आणि युरोपातलं ८ टक्के आयातशुल्क, प्रत्येकाची ओळ वेगळी. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षांना युरोपशी असलेल्या व्यापार करारामुळं तिथं शुल्क शून्य. आपलं शुल्क आयातदार भरतो म्हणतात, पण शेवटी ते आमच्याच किलोमागे कापलं जातं. इतक्या वर्षांत हे कोणी लिहून दाखवलं नव्हतं. शेजारचे भाऊ बांगलादेशाला माल देतात. तिथलं शुल्क वाढलं म्हणून व्यापारी भाव पाडतो, तेही नुसतं तोंडी. हा कागद मी त्यांना मुद्दाम नेऊन दाखवला.

तक्रार एकच, पण मोठी. पैसे ४५ दिवसांत देतो म्हणाले, आले ७१ व्या दिवशी, आणि मधले दोन आठवडे फोनही उचलला नाही. सोसायटीचं कर्ज आमच्या डोक्यावर, त्यांच्या नाही. पैशांची तारीख करारात लिहून मागितली आहे. ती मिळाली तर ऑक्टोबर छाटणीनंतर पुन्हा याच पॅकहाऊसला प्लॉट देऊ.