मिनरल ऑइलचे ब्लीड किट : दोन ब्रेक, दोन रविवार

बेळगावजवळच्या राजहंसगडावरून येळ्ळूरच्या बाजूने उतरताना सायकलचा मागचा लिव्हर दोनदा दाबल्याशिवाय ब्रेक धरेना, आणि पुढच्या वळणावर तर तो मुठीला जाऊन टेकला, तेव्हा ब्रेकच्या नळीत हवा शिरली आहे हे ओळखायला फार हुशारी लागली नाही. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी हायड्रॉलिक सिलिंडरच्या जुळणीचे काम करतो. दाब दिल्यावर तेल जागचे हलते पण आकसत नाही, हवा मात्र आकसते, हे तिथे रोजच पाहायला मिळते. सायकलच्या ब्रेकमध्येही वेगळे काही घडत नाही. बोटांचा जोर पिस्टनपर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो आणि लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो.

ब्रेकमधली हवा काढायचे, म्हणजे ब्लीड करायचे, किट मागवण्याआधी गावातल्या एका सायकल दुकानात चौकशी केली होती. तिथल्या माणसाने मोटारसायकलच्या ब्रेक ऑइलची बाटली पुढे करून ‘कुठलेही चालते’ असे सांगितले, आणि मी सायकल तशीच हाताने ढकलत घरी आणली. माझे ब्रेक शिमानोचे आहेत आणि त्यांत मिनरल ऑइल लागते. टेक्ट्रो आणि मागुराच्या ब्रेकमध्येही मिनरल ऑइलच असते. स्रॅमचे बरेच ब्रेक डॉट द्रवावर, म्हणजे मोटारसायकलमध्ये असते तशा ब्रेक ऑइलवर, चालतात, पण त्यांच्याही अलीकडच्या काही मॉडेलांत मिनरल ऑइल आले आहे. त्यामुळे कंपनीच्या नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा लिव्हरवर किंवा त्याच्या तेलाच्या टाकीच्या झाकणावर काय छापले आहे ते वाचावे. एकासाठी बनवलेल्या सीलमध्ये दुसरे ओतले की रबर फुगते, पिस्टन अडकतात आणि पुढे सगळा ब्रेकच बदलावा लागतो.

शेवटी ऑनलाइन १,३५० रुपयांना एक किट मागवले. त्यात लिव्हरवर बसवायचे नरसाळे व त्याची दांडी, दोन सिरिंज, पारदर्शक नळीचे दोन तुकडे, कॅलिपरमध्ये (चाकाजवळच्या ब्रेकच्या पकडीत) पॅडच्या जागी ठेवायचा पिवळा ठोकळा, १०० मिलिलिटर गुलाबी तेल आणि एक इंग्रजी पुस्तिका एवढे सामान निघाले. नरसाळे उत्तम आहे. त्याचे पितळी आटे लिव्हरच्या भोकात पहिल्या फेरीपासून सरळ बसले आणि दोन्ही रविवारी तिथून तेलाचा थेंबही गळला नाही. ठोकळाही मापात आहे. सिरिंजबद्दल मात्र सविस्तर सांगावे लागेल.

घरात झोपाळ्याच्या कड्या अजून शाबूत आहेत. त्यांपैकी एका कडीला सायकलचा पुढचा भाग दोरीने उचलून टांगला, म्हणजे मागच्या कॅलिपरपासून लिव्हरपर्यंतची नळी सगळीकडे चढती राहिली. बुडबुडा आपोआप वर जातो, पण वाटेत नळी कुठे खाली वाकली असेल तर तो तिथेच अडून बसतो. म्हणून सायकल स्टँडवर सपाट उभी करण्यापेक्षा अशी टांगणे जास्त उपयोगी. चाक आणि पॅड काढून शेजारच्या खोलीत नेऊन ठेवले, कारण पॅडला तेल लागले की ते टाकूनच द्यावे लागतात. पिस्टनभोवती कणकुंबीच्या पावसातली तांबडी माती वाळून घट्ट बसली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसल्याशिवाय पिस्टन मागे ढकलू नयेत, नाहीतर तीच माती सीलवर घासत आत जाते. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही. ती लिहिणाऱ्याने आपल्याकडचा पावसाळा पाहिलेला नसावा.

लिव्हर जमिनीला समांतर करून त्यावरचा स्क्रू २.५ मिलिमीटरच्या ॲलन कीने काढला (त्याच्यासोबत एक इवलीशी ओ-रिंग येते, ती आधी वाटीत ठेवावी), नरसाळे बसवले आणि खाली कॅलिपरच्या निपलला (तेल भरायच्या-काढायच्या छोट्या तोंडाला) ७ मिलिमीटरचा रिंग पाना व सिरिंजची नळी लावली. निपल थोडेसे सैल करून खालून तेल सावकाश ढकलले की आधी काळपट जुने तेल नरसाळ्यात येते, मग बुडबुडे येतात आणि शेवटी स्वच्छ गुलाबी तेल दिसू लागते. माझ्या बाबतीत बुडबुडे थांबेनात. पुस्तिकेत ‘हवा राहिली असेल तर सिरिंज मागे ओढावी’ असे लिहिले होते, म्हणून मी ओढत राहिलो, आणि जितके ओढावे तितके नळीतून मोहरीएवढे बुडबुड्यांचे मणी ओळीने निघत राहिले. पाऊण तास गेला आणि निम्मे तेल संपले.

दारात बसून हे पाहणारे आप्पा चाळीस वर्षे फिटर होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नळीचे टोक दोन बोटांत धरले आणि म्हणाले, ‘‘हवा तेलातली नव्हे रे, तुझ्या नळीतनंच येतीया बघ.’’ सिरिंजचे तोंड आणि नळी यांच्या जोडात नखाच्या टोकाएवढी फट होती. पुढे ढकलताना तिथून तेल पाझरत होते आणि मागे ओढताना तिथूनच हवा आत जात होती. शिवाय सैल केलेल्या निपलच्या आट्यांमधूनही ओढताना हवा येतेच, तो किटचा दोष नाही. म्हणजे ब्रेकमधली हवा केव्हाच निघून गेली होती आणि मी दर खेपेला नवीन हवा बघत होतो. जोडावर बारीक तारेचे दोन वेढे देऊन ती पकडीने पिळली आणि सिरिंज ओढणे बंद केले, तेव्हा मणी थांबले. तेराशे रुपयांच्या किटमध्ये दोन प्लास्टिकच्या क्लिपा घालायला उत्पादकाला जड जाऊ नये.

त्यानंतरचे काम सोपे होते. निपल बंद करून नरसाळ्यात तेल ठेवायचे, पान्याच्या दांड्याने कॅलिपरपासून वरपर्यंत नळीवर टिचक्या मारायच्या, लिव्हर हळूहळू दाबून सोडायचा, मग तो हँडलबारवर सैल करून थोडा वर आणि थोडा खाली कलवून पुन्हा दाबायचा. प्रत्येक कलाला टाकीच्या कोपऱ्यात लपलेला एखादा बुडबुडा नरसाळ्यात येऊन फुटत होता. चौथ्या-पाचव्या दाबाला लिव्हर मध्येच दगडासारखा अडला. निपल ४ ते ६ न्यूटन मीटरवर आवळायचे असते. हा आकडा मला आधीपासून ठाऊक होता, पुस्तिकेत तो नाही, आणि अंदाजाने जोर लावणाऱ्याच्या हातून निपल तुटण्याचा धोका आहे.

दुसऱ्या रविवारी पुढचा ब्रेक पस्तीस मिनिटांत झाला. तेल मात्र जेमतेम पुरले. १०० मिलिलिटरमध्ये दोन्ही ब्रेक होतात असे पाकिटावर लिहिले आहे, ते एकही चूक न करणाऱ्यासाठी खरे; पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने शिमानोच्या तेलाची एक बाटली वेगळी आणून ठेवावी. नरसाळ्यात किंवा सिरिंजमध्ये आलेले जुने तेल परत आत भरू नये आणि मोरीतही ओतू नये. मी ते बाटलीत भरून कारखान्यातल्या जळक्या तेलाच्या पिंपात टाकले.

ज्याच्या घरी रिंग पाना, ॲलन कीचा संच आणि थोडी सबुरी आहे त्याने हे किट घ्यायला हरकत नाही. नरसाळे आणि ठोकळा या दोनच वस्तूंत निम्मी किंमत वसूल होते. पुस्तिकेच्या भरवशावर मात्र घेऊ नये. डॉट द्रवाचे ब्रेक असतील त्यांच्या हे किट कामाचेच नाही. आणखी एक गोष्ट, जिचा किटशी संबंध नाही पण तक्रार पुन्हा तिथूनच सुरू होते: पंक्चर काढायला आपल्याकडे सायकल सर्रास उलटी करून ठेवतात, तेव्हा लिव्हरच्या टाकीत उरलेली हवा नळीकडे जाऊ शकते. सुलटी केल्यावर रस्त्याला लागण्याआधी दोन्ही लिव्हर आठ-दहा वेळा दाबून पाहावेत. ते पूर्वीसारखे कडक लागले नाहीत तर सायकल पुन्हा कडीला टांगावी लागेल, आणि मी तारेचा तो तुकडा त्याचसाठी किटच्या डबीत जपून ठेवला आहे.