ठोक फीतला घटस्फोट: पुण्यातली ‘म्युच्युअल’ पॅकेजेस घ्यावीत का?

परस्पर संमतीने (‘म्युच्युअल’) घटस्फोट करून देणारे वकील फोनवरच एक ठोक रक्कम सांगतात. त्यात अर्ज तयार करणं, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात तो दाखल करणं आणि दोन तारखांची हजेरी धरलेली असते. मूल नाही, सामाईक कर्ज नाही, देण्याघेण्याचं सगळं आधीच मिटलंय, अशा जोडप्याला हे पॅकेज पुरतं. बाकीच्यांनी फी ठरवण्याआधी कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींचा, मसुदा मागून वाचावा. अर्ज कोणीही लिहून देईल. कस लागतो तो या अटींमध्ये.

‘३० दिवसांत घटस्फोट’ ही जाहिरात आधी बाजूला ठेवा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब नुसार अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. ही सहा महिन्यांची अट न्यायालय शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात सांगितलं. पण त्यात पाहिलं जातं ते हे: अर्जापूर्वीच दीड वर्ष विभक्त गेलंय का, समेटाचे प्रयत्न फसलेत का, पोटगी आणि मुलांचा ताबा खरोखर मिटलाय का. तेरा महिने वेगळं राहिलेल्यांना ३० दिवसांचं आश्वासन देणारा कायदा सांगत नसतो, गिऱ्हाईक पकडत असतो. एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून न राहणं हे ‘वेगळं राहणं’ ठरू शकतं. मात्र तसं अर्जात स्पष्ट लिहावं लागतं आणि तयार नमुन्यात ते वाक्य सहसा नसतं.

नमुन्यातली दुसरी चूक कलमाची. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर अर्ज त्याच्या कलम २८ खाली जातो, १३ब खाली नाही. विधिवत लग्न करून राज्याच्या १९९८ च्या नोंदणी कायद्याखाली दाखला घेतलेला असेल, तर १३ब बरोबर. म्हणून पहिल्या भेटीत जो दाखला बघायला मागत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

आता फ्लॅट. पुण्यात भांडण बहुतेक तिथेच अडतं. ‘कर्ज पती फेडेल’ एवढं कन्सेंट टर्म्समध्ये लिहिलं, तरी बँक त्याने बांधली जात नाही. हप्ता थकला की सहकर्जदार म्हणून पत्नीच्या नावावरही थकबाकी दिसणार. बँकेकडून नाव कमी करून घेणं, नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणि मग सोसायटीच्या नोंदी, हे सगळं पॅकेजमध्ये आहे का ते विचारा, बहुधा नसतं. मोबदला न घेता राहतं घर जोडीदाराला द्यायचं असेल, तर महाराष्ट्रात बक्षीसपत्रावर २०० रुपये मुद्रांक शुल्क आहे, स्थानिक अधिभार वेगळा धरावा. ही सवलत पती-पत्नी या नात्याला आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) झाला की नातं संपतं आणि सवलतही.

पोटगीची रक्कम सहसा दोन टप्प्यांत, डिमांड ड्राफ्टने ठेवतात. अंतिम हुकूमनाम्यापर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे देणाऱ्याने सगळी रक्कम पहिल्या तारखेला देऊ नये आणि घेणाऱ्याने सगळी नंतरवर ठेवू नये. मुलाच्या पोटगीचा हक्क आईवडिलांना परस्पर सोडता येत नाही. ‘भविष्यात काही मागणार नाही’ या वाक्यात मुलाला ओढलेलं दिसलं तर ते खोडायला लावा. पत्नीच्या छळाबद्दल ४९८अ चा (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ चा) गुन्हा दाखल असेल तर ‘मागे घेऊ’ एवढ्याने तो संपत नाही. तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात वेगळा अर्ज लागतो, त्याची फी कोण भरणार तेही अटींत यावं.

जोडीदार परदेशात असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आणावं आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं. मुदत हुकली की तारीख पुढे जाते.

५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर ‘घटस्फोट’ करून देणारेही आहेत. समाजाची सिद्ध झालेली रूढी नसेल तर त्या कागदाला किंमत नाही. त्यावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला तर महाराष्ट्रात मुद्रांक लागतच नाही. तरीही त्याचे पैसे कोणी लावले, तर बिलातले बाकीचे आकडेही तपासा.

शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण तिच्यावाचून अडतं. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती काढून देणं पॅकेजमध्ये लिहून घ्या, निदान तीन. पासपोर्ट, बँक आणि पुढे लग्नाची नोंदणी, सगळीकडे तीच मागतात.