टॉक्सिन बाइंडर पावडर म्हशींना द्यावी का? पावसाळाभर वापरून लिहितोय

गोरेगावला आमचा तबेला आहे, मुऱ्हा आणि जाफराबादी म्हशी, आणि मुंबईच्या पावसात पेंड सांभाळणं म्हणजे काय ते तबेलेवाल्यांनाच माहीत. यंदा जूनपासून खुराकात टॉक्सिन बाइंडर, म्हणजे खाद्यातलं बुरशीचं विष धरून ठेवणारी पावडर, टाकतोय. 1 किलोचं पाकीट येतं, आत राखाडी मातीसारखी पावडर, बेंटोनाइट क्ले आणि यीस्टची सेल वॉल (पेशीचं बाहेरचं कवच) असं मिक्स आहे.

हे लागतं कशाला ते आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं हे दूध वाढवायचं औषध आहे, तसं अजिबात नाहीये. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका चुनी यांना ओल लागली की अस्परजिलस बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन बी1 नावाचं विष तयार करते. म्हशीने ते खाल्लं की लिव्हरमध्ये त्याचं अफ्लाटॉक्सिन एम1 होतं आणि एका दिवसाच्या आत दुधात उतरायला लागतं. आणि दूध उकळलं तरी ते विष जात नाही! एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) लिमिट आहे दुधाच्या किलोमागे 0.5 मायक्रोग्राम, आणि 2018 च्या देशभरातल्या सर्व्हेत 6,432 नमुन्यांपैकी 5.7 टक्के त्याच्या वर निघाले. दुधात पाणी घातलं म्हणून सगळे ओरडतात, पेंडीचं कोणी विचारतच नाही, आणि हेच दूध घराघरात लहान पोरं पितात, मला याचा खरंच त्रास होतो.

आता पावडरीचं. क्ले पोटातच विषाला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर काढते, म्हणजे रक्तात आणि दुधात कमी जातं. पाकिटावर टनाला 2 किलो लिहिलंय, म्हणजे 6 किलो खुराक खाणाऱ्या म्हशीला दिवसाला 12 ग्रॅम. एवढंसं थेट घमेल्यात टाकलं तर एका कोपऱ्यात बसतं, एकीला जास्त जातं आणि दुसरीला काहीच नाही. म्हणून आधी दोन ओंजळी कोरड्या चुनीत नीट चोळून घ्यायचं, मग ती चुनी सगळ्या खुराकात फिरवायची आणि पाणी सगळ्यात शेवटी. चवीला काही नसावं, म्हशी तोंड फिरवत नाहीत, आंबोण नेहमीसारखं चाटूनपुसून खातात.

पण पाकिटावर 'सर्व बुरशीजन्य विषांवर प्रभावी' छापलंय ते मला पटलं नाही. क्ले अफ्लाटॉक्सिनला चांगली धरते, पण मक्यात झिअरालेनोन वगैरे दुसरी विषंही असतात आणि त्यांच्यावर नुसत्या क्लेचा फारसा उपयोग होत नाही. क्ले किती टक्के आणि यीस्ट किती तेही कुठे लिहिलेलं नाही, कंपनीने ते छापायलाच हवं, आम्ही पैसे त्याचेच देतो ना.

आणि बाइंडरने बुरशी मरत नाही हे डोक्यात पक्कं बसवा. खराब पेंड बाइंडर टाकून खपवायची असं काही लोक करतात, ते चूकच आहे. गोणी घेताना वरवर बघू नका, कोपरापर्यंत हात आत घाला, मध्ये गरम लागलं, गठ्ठे लागले, कुबट वास आला तर तिथूनच परत करा. उन्हात वाळवलं की बुरशी दिसेनाशी होते पण विष तसंच राहतं. उलट दिसायला चकाचक पेंडीतही ते असू शकतं, म्हणून नवीन माल आला की नमुना लॅबला द्यायचा, पशुखाद्यात बी1 ची लिमिट 20 पीपीबी (म्हणजे किलोमागे 20 मायक्रोग्राम) आहे तेवढं रिपोर्टवर बघायचं. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि पावसात आठवड्यापुरताच माल.

माझ्याकडून 5 पैकी साडेतीन. काम करते, ढवळायला सोपी आहे, पावसाळ्यात मी पुढेही घेणार. अर्धा मार्क पॅकिंगचा कापला, झिप नाहीये आणि क्ले हवेतली ओल ओढते, त्यामुळे पाकीट फोडलं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ओता. 25 किलोची बॅग स्वस्त पडते पण छोट्या तबेल्याने ती दिवाळीनंतरच घ्यावी.