सॉक्स-३ ची अँटिबॉडी: माल चांगला, माहितीपत्रक कच्चं

बडोद्यातल्या लॅबमध्ये एमएस्सी-पीएचडीचं काम करणाऱ्यांना वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं जेलवर वेगळी करून पडद्यावर अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) सॉक्स-३ या प्रथिनाचा हा संच घ्यावा का? घ्यावा, पण सोबतचं माहितीपत्रक बाजूला ठेवून. संचात सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी, लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) आणि पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे पट्टा नक्की दिसावा असा नमुना म्हणून, तयार लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) येतं.

अँटिबॉडी खरोखर चांगली आहे. ५ टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) १:१००० पातळ करून रात्रभर ४ अंशांवर ठेवली की आयएल-६ (पेशींना निरोप देणारं प्रथिन) दिलेल्या हेपजी-२ या यकृताच्या पेशींत २५ किलोडाल्टनच्या (प्रथिनाचं वजन मोजायचं एकक) आसपास एकच स्वच्छ पट्टा दिसतो. आयएल-६ न दिलेल्या पेशींची लेन जवळजवळ कोरी राहते, आणि तशीच राहायला हवी.

माहितीपत्रक सांगतं की आयएल-६ देऊन २४ तासांनी पेशी गोळा करा. बहुतेकांचा ब्लॉट कोरा येतो तो यामुळेच, आणि दोष मात्र अँटिबॉडीला दिला जातो. सॉक्स-३ म्हणजे पेशीने स्वतःच ओढलेला ब्रेक. आयएल-६ चा निरोप आला की जॅक एन्झाइम स्टॅट-३ या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, स्टॅट-३ केंद्रकात जाऊन सॉक्स-३ चं जनुक चालू करतं, आणि तयार झालेलं सॉक्स-३ रिसेप्टरच्या (निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन) जीपी-१३० भागातल्या ७५९ व्या टायरोसिनवर (एक अमिनो आम्ल) बसून त्याच जॅकला गप्प करतं. काम झालं की प्रोटिआसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्यालाही मोडतो. एमआरएनए (जनुकाची प्रथिन बनवायची नक्कल) तासाभरात चढतं, प्रथिन साधारण एक-दोन तासांत. दुसऱ्या दिवशी तिथे पाहण्यासारखं फारसं उरत नाही.

म्हणून २० नॅनोग्रॅम प्रति मिली आयएल-६ देऊन ०, १५, ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटांना नमुने घ्या. त्याच नमुन्यांवर फॉस्फो-स्टॅट-३ (टायरोसिन ७०५) चाही ब्लॉट करा. फॉस्फो-स्टॅट-३ चा १५-३० मिनिटांचा गडद पट्टा पुढे फिका होत जातो आणि सॉक्स-३ चा पट्टा उमटू लागतो. दोन्ही फिल्म एकाखाली एक ठेवल्या की ब्रेक लागताना दिसतो. संच घ्यावा तो यासाठी. सॉक्स-३ चा पट्टा फारच फिका असेल तर शेवटचे दोन तास प्रोटिआसोम थांबवणारं एमजी-१३२ १० मायक्रोमोलर द्या, मात्र त्या नमुन्यावरून प्रथिन किती वेळ टिकतं याचा निष्कर्ष काढू नका.

लायसिस बफरमध्ये व्हॅनाडेट (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना थांबवणारं रसायन) नाही, ही मोठी उणीव. ते वेगळं घ्या, पीएच १० ला आणून पिवळा रंग जाईपर्यंत उकळा, आणि लायसिसच्या वेळीच घाला. नाहीतर फॉस्फेट निघून जातो. ब्लॉकिंगला (पडद्यावरची मोकळी जागा आधी झाकायला) दूध नको, त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फेटवालं प्रथिन आहे. जेल १२ ते १५ टक्के, पडदा ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ, ०.४५ चा वापरला तर एवढं लहान प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं. वापरलेलं अँटिबॉडीचं द्रावण टिकवायला अझाइड घातलंत तर एचआरपी (पट्टा दिसायला लावणारं एन्झाइम) मरतं.

इम्युनोप्रेसिपिटेशनला (अँटिबॉडीने प्रथिन लायसेटमधून वेगळं ओढून काढायला) ही अँटिबॉडी नको. तिची स्वतःची लाइट चेनही (अँटिबॉडीचा लहान तुकडा) २५ किलोडाल्टनलाच येते आणि खरा पट्टा तिच्याखाली झाकला जातो. सॉक्स-३ च्याच कुटुंबातल्या सॉक्स-१ साठीही वेगळी घ्या. ते रिसेप्टरवर न थांबता थेट जॅकला धरतं आणि इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारशक्तीच्या निरोपाला आवर घालतं. ते नसलेली उंदराची पिल्लं तीन आठवड्यांच्या आतबाहेर मरतात, आणि माणसात त्याच्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी लहान वयात ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचे) होऊ शकतात, हे २०२० मध्ये समोर आलं.

पॅकिंग फक्त जेल पॅकचं आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शुक्रवारी निघणारं पार्सल घेऊ नका. रविवारभर ते कुरिअरच्या गोदामात पडून राहतं. अँटिबॉडी ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये आहे, उणे २० ला गोठत नाही, त्यामुळे छोटे भाग करायची गरज नाही. उणे ८० ला मात्र ठेवू नका, तिथे ती गोठते.