नॉर्वेतून अमेरिकेत गेलेलं कुटुंब शोधताना: डिजिटलआर्किव्हेट, आठ महिन्यांच्या वापरानंतर

नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं हे संकेतस्थळ फुकट आहे आणि चर्चच्या वह्यांची मूळ पानं त्यावर घरबसल्या वाचता येतात. पानं अव्वल आहेत. फसगत होते ती शोधचौकटीत आडनाव टाकून सुरुवात केली की.

कारण १९२३ च्या कायद्यापर्यंत ग्रामीण नॉर्वेत कायमचं आडनाव सक्तीचं नव्हतं. समजा, नाव आहे ओले लार्सेन हाउगेन. लार्सेन म्हणजे लार्सचा मुलगा. त्याची बहीण लार्सडाटर. हाउगेन म्हणजे राहतं शेतघर. आपल्या 'कर'सारखं वाटतं, पण आपला 'कर' पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहतो. इथे बिऱ्हाड दुसऱ्या शेतावर हललं की नावही बदललं. अमेरिकेत सख्ख्या भावांपैकी एकाने लार्सन लावलं नि दुसऱ्याने हाउगेन, असंही सर्रास दिसतं. त्यात हाउगेन नावाची शेतं जागोजागी. म्हणून आधी पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) हवा, मग शेत, नाव सगळ्यात शेवटी.

पॅरिश बहुतेक वेळा अमेरिकेतच सापडतो, तिथल्या नॉर्वेजियन लुथरन चर्चच्या वह्यांत. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत जन्माचा महिना-वर्ष आणि देशात आल्याचं वर्ष मिळतं. १८९० ची जवळजवळ सगळी आगीत गेली, तिच्यात वेळ घालवू नका. मग नॉर्वेकडे: ओस्लो (तेव्हाचं क्रिस्तियानिया) आणि ट्रॉनहाइमच्या पोलिसांच्या स्थलांतर-याद्या १८६७ पासून, बर्गनच्या १८७४ पासून. त्याआधी गेलेल्यांसाठी चर्चच्या वहीतली 'बाहेर गेलेले' ही यादी पाहा. १८५० ते १८६५ दरम्यानची पुष्कळ जहाजं न्यूयॉर्कला न जाता क्वेबेकला लागत, त्यामुळे न्यूयॉर्कच्या याद्यांत नाव नाही म्हणून हबकू नका.

जनगणना १८०१, १८६५, १८७५, १९००, १९१० अशा सलग लावून बघाव्यात. १९१० मध्ये पूर्ण जन्मतारीख असते, ती बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ताडायची. स्पेलिंगचा भरवसा नाही, तेव्हा चौकटीत 'ओल' आणि पुढे तारांकन (*) टाका, म्हणजे पुढची अक्षरं कुठलीही चालतात.

खरी मेहनत गॉथिक, म्हणजे जुन्या वळणाचं हस्ताक्षर वाचण्यात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांच्या नावाइतकीच धर्ममातापित्यांची नावं महत्त्वाची, कारण त्यांच्यापुढची शेतं बहुधा काका-मामांची निघतात. एकाच पॅरिशमध्ये दोन ओले लार्सेन आले, तर निवाडा इथेच होतो. जुन्या वह्यांत तारखेऐवजी सण असतो. तिथीवरून तारीख काढावी तसंच. ट्रिनिटी हा ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी, रविवारीच येणारा सण; 'ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' म्हणजे ईस्टरपासून ७७ वा दिवस. १७५० मध्ये ईस्टर २९ मार्चला होता, म्हणजे बाप्तिस्मा १४ जूनचा.

दुसऱ्याने टंकून ठेवलेली नोंद मिळाली तरी मूळ पान उघडाच. आणि पानाचा कायमस्वरूपी दुवा लगेच जपून ठेवा, नाहीतर त्याच वहीत पुन्हा तास जातो.

वंशजांकडे उतरताना नॉर्वेत राहिलेली शाखा १९२० पर्यंतच जनगणनेत दिसते, कारण तिथे शंभर वर्षांची गुप्तता आहे. अमेरिकेत ती ७२ वर्षांची, त्यामुळे १९५० पर्यंत जाता येतं. पुढचं काम स्थानिक वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांवर. लेकींची सासरची आडनावं तिथेच हाती लागतात.